उकंडरावांची विशेषणं

मोताळा,
१४ जून २००४

ती. भगवानराव भाऊजींस,

रंगरावचा नमस्कार. कौशल्याताईनं पिंपळगाव राजाहून पाठवलेलं लोणचं पोचलं. बरणी परत मिळेल या आशेवर राहू नका म्हणावं. तिचा गुडघा कसा आहे?

आपल्या साप्ताहिकासाठी माफीनामा लिहायला तुम्ही मला सांगितलंत. 'संगणकावर बसणाऱ्या चांगुणाबाईंच्या हलगर्जीपणामुळे...' इथवर लिहिलं. पुढं पेन चालेना. बावीस वर्षं लोकांच्या टोप्या उडवणारं पेन, पहिल्यांदाच अडलं.

आपले पुढारी उकंडराव यांच्या वाढदिवसाचा विशेषांक उत्तम निघाला, हे मी आजही म्हणतो. आठ पानांत एक 'कार्यसम्राट' नाही, एक 'विकासपुरुष' नाही. नुसतं 'उकंडराव यांचा वाढदिवस'. माणूस प्रथमच आपल्या मापात दिसला! त्यांची माणसं ऑफिसात येऊन टेबलं बडवून गेली, ती बहुधा त्या मापामुळंच.

ती गेल्यावर चांगुणा तुम्हाला म्हणाली, "भाऊ, म्या अक्षर न् अक्षर टाइप केलं व्हतं. तुमी सोता पडद्यावर वाचलं. मंग छापतानी गेलं कुठी?"

तुम्ही तिच्यावर ओरडलात, "कम्प्युटरले भूत लागलं काय? उद्यापासून येऊ नोको."

मी बाजूलाच चहा पीत होतो. म्हणालो, "शाई कमी पडली असन."

शाई नेमकी विशेषणंच कशी निवडून गाळते, हे तुम्ही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्याला आज आठ दिवस झाले.

जुन्या फॉन्टचा मजकूर नव्या फॉन्टमध्ये आपोआप बदलावा म्हणून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे कम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली होती, आठवतं? तुम्ही पाठ थोपटली होती. चांगुणा समोर पानं लावते, आणि छपाईची आज्ञा दिली की ती स्क्रिप्ट मागच्या मागं चालते. पडद्यावर काहीच हलत नाही. त्या स्क्रिप्टमध्ये मी तेवीस शब्द घातले आणि सांगितलं, हे दिसले की खोडायचे. वाटलं, पहिल्या कच्च्या छपाईत तुम्ही पकडाल, मला दोन शिव्या द्याल, हसाल. पण कागद वाचवायला तुम्ही प्रूफ पडद्यावरच वाचता. तिथं तेवीसच्या तेवीस शब्द छाती काढून उभे होते.

तोंडावर हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून पत्र.

उकंडरावांची माफी मी मागणार नाही. तेवीस शब्दांपैकी एक जरी त्यांनी कमावला असेल, तर दाखवा; पुढच्या अंकात मोठ्या टाइपात छापतो. माफी चांगुणाची मागायची होती. काल तिच्या घरी जाऊन मागितली. ती म्हणाली, "रंगभाऊ, तुमी लेखणीचे शूर. चहाचा कप हातात आला का मुके होता."

सोबत नवा मजकूर आहे: 'ती विशेषणं मी, रंगराव, काढली. चांगुणाबाईंचा काही दोष नाही.' हाच छापा.

तुम्ही सांगितलेलाच माफीनामा छापायचा म्हणाल, तर छापा. पडद्यावर चांगुणाचंच नाव दिसेल. कागदावर तिच्या जागी माझं येईल. कालच स्क्रिप्टमध्ये तेवढी एक ओळ वाढवली आहे: 'हलगर्जीपणा'च्या आधी तिचं नाव दिसलं, की तिथं माझं घालायचं. ती काढायची कशी, हे मोताळ्यात माझ्याखेरीज, काल मी दाखवल्यामुळं, एकट्या चांगुणाला ठाऊक आहे, आणि मी काढणार नाही. पानं लावणारीही तीच. तेव्हा अंक काढायचा तर तिला खुर्चीवर परत बोलवा.

तुमचा मेहुणा, कुठल्याही विशेषणाशिवाय,
रंगराव