शर्यतीच्या सायकलीचे मडगार्ड

राणीच्या बापास,

रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. चार दिवस झाले पावसाची झड लागलीय, आन् उद्यापून राणीची शाळा हाय. तुमची माय, आत्याबाई, म्हणल्या, लेकरू भावजीच्या सायकलीवर जाईल, पुढं दांडीवर बसून. भावजीची कसली, तुमचीच सायकल! तुमाला घेऊन पडली, तीच. म्हणून तुमाला लिहायलेय. चौथी शिकलेली बाई हाय मी, अक्षर वाकडं असंल.

मेलेल्या माणसावर रागवू न्हाई म्हणतात. मी रागवायलेय. काय करता?

शर्यतीची सायकल ती. बदली होऊन गेलेल्या कुण्या साहेबाच्या पोरानं टाकून दिलेली. चाकं बारीक, मूठ मेंढ्याच्या शिंगावानी वळलेली. मडगार्ड न्हाई, आन् ते बसवायला भोकसुदिक न्हाई. आपण ऱ्हातो त्या शेतातल्या आखाड्यापून झरी गाव दोन कोस. शाळेत घंटा द्यायला पोचायचे तवा तुमच्या पाठीवर कमरेपून मानेपस्तोर चिखलाचा पट्टा. हाटेलवाला वरडायचा, "खारीच्या पाठीवर तीन पट्टे, आन् आमच्या चपराशाला एकच कामून रं?" समदं हाटेल हासायचं.

तेवढं तुमाला झोंबलं, व्हय ना?

मीबी बोलले व्हते. सदरा बडवून बडवून हात गेले माझे, असं म्हणले व्हते. लपवत न्हाई. पण मी साबण मागितला व्हता. मडगार्ड मागितले नव्हते!

सोनपेठच्या बाजारातून जुन्या जाड सायकलीचे मडगार्ड घेऊन आले. चाकापेक्षा रुंद. दगडावर ठेवून हातोड्यानं चेपले, दिवसभर ठणठण. भोक न्हाई तर तारेनं आवळले. हालायलेत तर बाभळीची पाचर ठोकली, वर ट्यूबचं रबर गुंडाळलं. लय हुशार!

माझा भाऊ आला व्हता मानवतून. त्याचं समदं पोट सायकल दुरुस्तीवर. त्यानं चाक आन् मडगार्डाच्या मधी बोट घालून बगितलं. गेलं न्हाई.

"दाजी, ह्यात बोट जाईना, चिखलाचा गारा कुटून निघंल? काळी माती हाय आपली. भरली की चाक जागीच धरंल."

"तू पंक्चर काढ, मेव्हण्या. शानपन नको शिकवू."

"पंक्चरला ठिगळ लागतंय दाजी, डोसक्याला लागत न्हाई."

तुमी हासले. माझ्याकडं बगून हासले, का बग तुझा भाऊ कसा भित्रा हाय. मीबी हासले, तुमच्या इज्जतीसाठी. त्या हासण्याचं काय करू मी आता?

आपल्या मुलखात लोक असलेले मडगार्ड पावसाळ्यात काढून माळ्यावर टाकतात. तुमी नसलेले बसवले! गारा लागला की समदे खाली उतरतात, सायकल खांद्यावर घेतात. तुमाला उतरायला काय झालं व्हतं? शर्यत व्हती का कुणासंगं?

ओढ्याच्या उताराला पुढचं चाक गच्च झालं आन् तुमी दगडावर. आदल्या दिवशी राणी त्याच दांडीवर बसून गेली व्हती. त्या दिवशी तिला ताप आला म्हणून ऱ्हायली. मी लेकराच्या तापाचे उपकार मानायचे का? लोकांनी आणलं तवा तुमी पालथे व्हते. पाठ कोरी पांढरी. एक डाग न्हाई. त्या सदऱ्याला धुवायचं काम पडलं न्हाई.

आता वर्ष व्हायलंय. आत्याबाईनं सायकल नीट करून घेतली, मडगार्ड तसेच ठेवले. "माझ्या लेकाच्या हातचं हाय, कुणी हात लावायचा न्हाई." अमुशाला त्याला हळदकुंकू लावतात. लेकाला खाल्लं त्याला हळदकुंकू!

मी भावजीला म्हणले, "भावजी, तेवढी तार तोडा. पाया पडते."

ते म्हणले, "वैनी, मला माय एकच हाय."

"आन् मला लेकरं किती हाईत, भावजी?"

आत्याबाईनं आतून ऐकलं. "जी त्याला हात लावील तिनं तसंच माहेरी जावं. पोर आमची हाय. पोर हितंच ऱ्हाईल."

राणी हितंच ऱ्हाईल, म्हणल्या. तुमी असे मरून मोकळे झाले, आन् मला ह्या दोन्हीच्या मधी ठेवलं. सायकलीवर बसवली तर ओढा. न बसवली तर आत्याबाई. तुमाला कधी भ्या वाटलं का कशाचं? थोडं वाटलं असतं तर मला एवढं वाटायची पाळी आली नसती.

आता ऐका. राणीच्या गळ्याची शपत घेऊन सांगते. आत्याबाई शेळ्या घेऊन बाहेर पडल्या की मी पक्कड घेऊन बसणार हाय. पुढची तार तोडणार, मागची तोडणार. तुमच्या हातच्या पाचरा चुलीत, मडगार्ड हिरीत. तुमाला राग आला तर येऊ द्या. माझी लेक तुमच्या मडगार्डाखाली एक दिवस जाणार न्हाई.

राणीची आई

हा कागद सायकलीच्या मुठीला बांधून ठेवते. घरात वाचता येणारी मी एकटीच, पण माझ्या वाचण्यावर आत्याबाईचा भरोसा न्हाई. त्यांना दिसला की दर कागदावानी हाबी भावजीच्या हातानं झरीला गुरुजीकडं धाडतील.

गुरुजी, तुमीच वाचायलेत ना? मग मोठ्यानं वाचू नका. भावजीला बसवा, च्या पाजा. आधी पोस्टात जा आन् मानवतला माझ्या भावाला फोन लावा. त्याच्या दुकानाशेजारच्या आडतीवर फोन हाय, ते बोलावून देतात. म्हणावं, आजच्या आज ये, बहिणीला आन् भाचीला न्यायला, दोघींला. तो निघाला म्हणला की मग भावजीला वाचून दाखवा.