ऐकेपर्यंत सुतक नाही

मी शामकांत दत्तात्रय निमगावकर, वय पंचेचाळीस, धंदा शाळामास्तर, राहणार कोल्हार, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डॉक्टरांनी माझ्या छातीची आशा सोडली आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणी भीड घातलेली नाही की धाक दाखवलेला नाही. गावात मला भ्रमिष्ट म्हणणारे एक गृहस्थ आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

१. राहते घर, परसातल्या आडासह, माझी एकुलती कन्या सौ. विजया हिला द्यावे. आई गेल्यापासून ती मामाकडे राहुरीला वाढली. तिच्या लग्नात मी मांडवाच्या कडेला उभा राहून अक्षता टाकल्या. ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून तिचा हक्क कमी होत नाही.

२. पेटी आसाराम तबलजीला द्यावी. भाता फाटका आहे, तो त्याने शिवून घ्यावा. नाटकाच्या सगळ्या मंडळीत माझ्याशी खरे बोलला तो हा एकटाच.

३. कै. सौ. नीलांबरीचा लग्नातला हिरवा शालू विजयाला द्यावा. याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे.

देवीच्या यात्रेतल्या गावच्या नाटकात मी राणी होत असे आणि दर साली हाच शालू नेसत असे. निऱ्या ही काढून देई. १९४१ साली ही तापाने आजारी, माहेरी राहुरीला होती. विजया तिच्यापाशी होती. 'यात्रा झाली की या, काळजीचं काही नाही,' असा तिचाच निरोप होता, म्हणून मी थांबलो. यात्रेच्या दिवशी ती गेली. भावाने माणूस धाडला, तो नृसिंह गणेश पाठकाला भेटला. नृसिंह गावचा जोशी, नाटकाचा व्यवस्थापक आणि मुंजीपासूनचा माझा मित्र. त्याने निरोप स्वतःपाशी ठेवला. मरण कानावर पडेपर्यंत सुतक लागत नाही, तेव्हा राणीने रंग लावायला हरकत नाही, हे शास्त्र त्याने मांडवभर सांगितले. मला सोडून सर्वांना.

दुसऱ्या अंकानंतर आसाराम म्हणाला, "मास्तर, आता कशाला उभं ऱ्हाता? बाई गेल्या न्हवं. समद्या गावाला म्हाईत हाय."

मी नृसिंहाला गाठले. "अरे, त्या खुळ्याचं काय ऐकतोस? ताप उतरल्याचा निरोप आहे," तो म्हणाला आणि रंगपूजेच्या नारळावर हात ठेवून त्याने शपथ घेतली. आम्ही दोघेच होतो. मी मानली.

पडदा वर गेला. मी तोंडही उघडले नव्हते, आणि पुढच्या बाया पदर तोंडात धरून रडत होत्या. त्या शालूकडे पाहत होत्या. तेव्हा मला कळले. राणीचा विलाप होता तो केला, दुसरे काही सुचेना. लोकांनी टाळ्या दिल्या. त्या टाळ्या मी अजून कोणाला माफ केलेल्या नाहीत.

राहुरीला पोचलो तेव्हा सरण विझले होते आणि माझ्या कानामागे रंग होता. विजयाने तो पाहिला. पुढे नृसिंहाने माझ्या मेव्हण्याला सांगितले, "त्याला मध्येच कळलं होतं. टाळ्यांसाठी उभा राहिला." नारळाचे तेवढे वगळले; मी ते सांगू लागलो की मला भ्रमिष्ट म्हणतो. बारा वर्षांची पोर, तिने मानले. मला याचेच दुःख जास्त आहे. ती खोटी शपथ त्याने घेतली होती, एवढ्याला त्याची साक्ष झाली तर विजया माझे ऐकेल. म्हणून खाली साक्षीची तिसरी जागा त्याची आहे.

४. तेराव्याला नृसिंहास दक्षिणेऐवजी एक असोला नारळ द्यावा. हात कुठे ठेवायचा ते त्याला ठाऊक आहे.

५. मी गेल्यावर विजयाला आधी कळवावे. ती जेवत असो, सणाला बसलेली असो, तिच्या घरी कार्य असो, निरोप कोणीही दाबू नये. यायचे की नाही ते तिने ठरवावे. मला ते ठरवू दिले नाही.

कोल्हार, मार्गशीर्ष शके १८७०, इसवी सन १९४८.
सही: शामकांत दत्तात्रय निमगावकर

साक्ष:
१. कारभारी सूर्यभान लोखंडे (सही)
२. गोरक्षनाथ विठोबा शिंदे (निशाणी अंगठा)
३. नृसिंह गणेश पाठक

(आले. चष्मा विसरलो म्हणाले, माझा दिला. सगळे वाचले. "शामा, आता हे कशाला उकरतोस?" म्हणाले आणि टाक ठेवून गेले. ही जागा मोकळीच राहू द्यावी. शा. द. नि.)