पहिला वर्ग मोफत

२ मार्च, सकाळी
आज घरात आलं ते असं: युद्धकलांची जुनी पुस्तकं तीन, रद्दीवाल्याकडून, वजनावर, मिळून बारा रुपये. (कराटेच्या पुस्तकाची शेवटची पानं नाहीत. हरकत नाही, सुरुवात महत्त्वाची.) लाकडी पट्टी एक, तीन. वन्संच्या गुडघ्यांना मलम, सगळ्यांत लहान ट्यूब, अकरा. मलम औषधात धरायचं की युद्धकलेत? युद्धकलेत धरलं.

कारण असं. परवा बाजाराच्या कोपऱ्यावर एका मोटरसायकलवाल्याने वन्संच्या हातातली पर्स ओढली. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण, पण वयाने माझ्याहून मोठ्या. लग्न झालं नाही, आमच्याकडेच असतात. मोटरसायकलमागे चार दुकानं फरफटत गेल्या. पर्स सोडली असती तर गुडघे वाचले असते, पण आत माझे भाजीचे पैसे होते ना. तेवढी जाण आहे त्यांना. पैसे गेले ते गेलेच.

४ मार्च
संकट. वन्संना नोकरी लागते आहे. दुसऱ्या गावी, नर्सेसच्या होस्टेलात, कोठीघर सांभाळायचं. राहायला खोली, वर पगार. तिथल्या मेट्रनबाई जागा जूनअखेरपर्यंत राखून ठेवणार म्हणे. यांना विचारलं तर पेपरामागून म्हणाले, जाऊ दे की. पुरुषांना काय, चहा आपोआप उकळतो असं वाटतं.

मी वन्संना जवळ बसवलं. म्हटलं, माझी कुठे ना आहे? आज जा. पण एकटी बाई, परकं गाव, आणि तुम्हाला तर साधी पर्स सांभाळता आली नाही. त्या स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. मग तोडगाही मीच काढला. आधी मी एखादी युद्धकला शिकेन, मग त्यांना शिकवेन, मग खुशाल जावं. दोघींची फी कशाला भरायची? त्या म्हणाल्या, बरं वहिनी.

देवापुढे जास्तीची वात लावली. दुसऱ्याचं भलं चिंतलं की किती हलकं वाटतं.

९ मार्च
संकल्प: सर्व कलांची नीट तुलना केल्याशिवाय एक पैही भरायची नाही. मी मॅट्रिक आहे, भूमितीत वर्गात पहिली होते. पट्टीने तक्ता आखला. रकाने: फी, पोशाख, धुणं, आवाज, देवाला चालेल का.

कराटे: फळ्या फोडतात. धडधाकट फळ्या! आणि पोशाख पांढरा.
तायक्वांदो: लाथ डोक्याच्या उंचीवर. आमच्या घरात एवढी जागा नाही.
ज्युदो: समोरच्याला आपटायचं. समोरचा लागतो.
कुंग फू: चित्रात चांगला थोराड माणूस माकडासारखा बसलाय. देवाने माणसाचा जन्म दिला, त्याचं हे.
बॉक्सिंग: हातमोजे महाग. दात त्याहून महाग.
लाठी: काठी घरातच आहे. विचार करण्याजोगी.
आयकिडो: आपली ताकद खर्चायची नाही, समोरच्याचीच वापरायची. वाचून फार बरं वाटलं. संसार मी असाच केला आहे.

हे तक्ता बघून म्हणाले, तुझी निवड होईपर्यंत चोरांना थांबायला सांगू का? कौतुक करायची यांची रीतच वेगळी.

१५ मार्च
मोठा शोध. सगळीकडे पहिला वर्ग मोफत! मोफत म्हणजे अगदी मोफत, चौकशी केली. वन्संना एकेका ठिकाणी पाठवायचं. त्यांनी शिकून यायचं, घरी येऊन मला सांगायचं, मी तक्त्यात भरायचं. मी स्वतः गेले असते, पण नेमका तेव्हा माझा जप असतो.

१९ मार्च
वन्सं ज्युदोला जाऊन आल्या. उशिरा आल्या, बटाटे चढायला उशीर झाला. (मी बोलले त्यांना.) तासभर काय शिकवलं, तर पडायला! हनुवटी आत घ्यायची, हाताचा पंजा जमिनीवर आपटायचा, अंग गोल करायचं. हसून हसून पोट दुखलं. पडायला फी! वन्सं म्हणाल्या, वहिनी, उठायलासुद्धा शिकवतात. म्हटलं, त्यात काय शिकायचं? पडलेलं माणूस उठतंच. रकान्यात लिहिलं: निरर्थक.

२७ मार्च, दुपारी
नुसत्या तक्त्याने कळत नाही, प्रयोग हवा. वन्संना बैठकीत उभं केलं आणि खांदे धरून ढकललं. पडल्या. पुन्हा ढकललं. पुन्हा पडल्या. माझ्या अंगात कला आहे! खालच्या बिऱ्हाडातल्या म्हातारीने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मग सतरंजी टाकली. जुनी. नवी कशाला खराब करायची.

८ एप्रिल
कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग बघून झालं. मी रोज जपानंतर प्रयोग करते. वन्संच्या दंडावर निळं पडलंय, मलम निम्मं संपलं. म्हटलं, अहो जपून लावा, मलमाचं झाड नाही लागलेलं. त्यांनी विचारलं, कुठली ठरतेय वहिनी? म्हटलं, अजून बाकी आहेत. उतावळेपणाने जन्माचं नुकसान होतं. त्या म्हणाल्या, हो, ते बघतेच आहे. समजूतदार आहेत.

२० एप्रिल
देवावर सोपवलं. चिठ्ठ्या टाकल्या. ज्युदो आली. घडी मोठी झाली असेल म्हणून पुन्हा टाकल्या. ज्युदो. हात न धुता उचलली होती. हात धुतले. ज्युदो. देवाला इतकी कामं असतात, माझं सगळं लक्ष देऊन ऐकलं नसेल.

३ मे
सगळे पहिले वर्ग संपले आणि मेचा पहिला आठवडाच चाललाय. फार लवकर संपले. पण देव दयाळू! नदीपलीकडे दुसरा ज्युदोवाला आहे, कराटेचे तर आणखी तिघे, आणि प्रत्येकाकडे पहिला वर्ग मोफत. तुलना करायची तर माणसांचीही करायला हवी. वन्सं म्हणाल्या, वहिनी, सगळीकडे तेच शिकवतात. कसं उभं राहायचं, धरलेलं मनगट कसं सोडवायचं, कसं पडायचं. म्हटलं, मग त्रास काय? येतंच आहे तर.

बिचारीला पहिल्या धड्यापलीकडे काही येत नाही. एवढ्यावर काही परगावी जाता येणार नाही, असं मी यांनाही सांगितलं.

१६ मे
आज ढकललं तर वन्सं हलल्याच नाहीत. पुन्हा सगळा जोर लावून ढकललं. भरल्या कपाटासारख्या उभ्या. म्हणाल्या, वहिनी, दमलात का? पाणी आणू?

वजन वाढलंय. रात्रीचं दूध बंद करायला हवं.

३० मे
पडले. फरशी ओली होती. म्हणजे असणारच. मी वन्संच्या अंगावर धावून गेले (लाठीचा प्रयोग) आणि त्या तिथे नव्हत्या, चपलांचं कपाट होतं. वन्सं म्हणतात फरशी सकाळीच वाळली होती. उलट बोलायला कुठल्या वर्गात शिकवलं, विचारते. काठी मोडली. ती युद्धकलेत न धरता किरकोळमध्ये धरली.

यांनी विचारलं, कपाटाला लागलं का?

१२ जून
ज्युदो शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. चहा घेतला, साखर जास्त. म्हणाल्या, तुमच्या नणंदबाई सुरेख पडतात, नव्या मुलांना मी यांच्यावरूनच दाखवते. मी सौजन्याने म्हटलं, हो, पडण्यात त्यांचा आयुष्यभराचा हातखंडा आहे. हे हसले. वन्संही हसल्या. सगळे हसले म्हणजे विनोद चांगला होता. नंतर बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत बसल्या, प्रभाव पडला असावा.

२० जून
निवड जवळजवळ झाली होती, पण योगासनं तक्त्यात धरलीच नव्हती हे लक्षात आलं. रकाना वाढवला. आता जुलै उजाडेल. नाइलाज आहे.

२८ जून
वन्सं बॅग घेऊन दारात. मी म्हटलं, अहो, माझी निवड कुठे झालीय? त्या म्हणाल्या, सावकाश होऊ दे वहिनी. म्हटलं, आणि एकट्या जाणार? रस्त्यात कोणी हात धरला तर काय कराल? म्हणाल्या, धरून बघा.

धरला. पुस्तकातल्या पद्धतीने, घट्ट. पुढचं पान नव्हतं.

मी जमिनीवर. कसं ते कळलं नाही. पण आपटले नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. भरलेलं पातेलं उतरवावं तसं त्यांनी मला खाली ठेवलं. माझ्या डोक्याखाली त्यांचा तळहात होता. म्हणाल्या, हनुवटी आत वहिनी, हनुवटी आत. मग हात काढून तिथे उशी सरकवली, देवाला नमस्कार केला, माझ्या अंगावरून वळसा घालून गेल्या. ओलांडून नाही गेल्या. वळण आहे.

हे त्यांची बॅग घेऊन खाली गेले. आयुष्यात यांनी भाजीची पिशवी उचललेली नाही. परत आले, मला आडवी बघून म्हणाले, चहाचं कसं? म्हटलं, उठता येत नाही. म्हणाले, मग असू दे, आणि हॉटेलात गेले.

३० जून
डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पाठीला कळ काढायची सवय नाही इतकंच. हे सकाळी मला भिंतीला टेकवून ऑफिसला जातात, पण घसरते. स्वयंपाकघरातून वास येतो आहे. कसला ते उठले की बघेन. शेजारणीला हाक मारली. तिने विचारलं, वन्संना का नाही सांगत?

२ जुलै, आडवी असताना
पाठवलेल्या पत्राची नक्कल.

वन्संना साष्टांग नमस्कार. (सध्या तोच जमतो.) इकडे सर्व ठीक. तुमच्यावाचून काही अडत नाही, काळजी नसावी. मलमाची ट्यूब तुम्ही नेलीत का? नेली असल्यास असू द्या, अकरा रुपयांची होती. तुमचे दादा हॉटेलात जेवतात, खूश दिसतात, हे मला बरं लक्षण वाटत नाही.

माझी निवड अंतिम टप्प्यात आहे. ठरली की मी शिकेन आणि तुम्हाला शिकवायला येईन, तोवर सांभाळून राहा. तक्त्यात फक्त एक जागा रिकामी आहे. ज्युदोत पडल्यावर उठायला शिकवतात असं तुम्ही म्हणाला होतात. तिथे मी निरर्थक लिहिलं होतं, ते तूर्त खोडलं आहे. ते उठणं पहिल्या मोफत वर्गात येतं की फी भरल्यावर, आणि आधी कुठल्या कुशीवर वळायचं, तेवढं कृपया उलट टपाली कळवावं.