दार लागलं नाही

६ ऑक्टो.
केनवडच्या वावरातलं सोयाबीन सोंगून झालं, कापलेल्या पिकाची सुडी लावली. माहेरच्या जमिनीतल्या माझ्या वाट्याच्या तीन एकरांतलं पहिलं पीक. संध्याकाळी गजूचा, धाकट्या भावाचा फोन. "ताई, पोरीले कायले वाटा पायजे? मळणी करशीन त सुडी पेटवून देईन." म्हटलं, पेटवून पाहा. कडेवर घेऊन हिंडवलाय याला, आता मला काडी दाखवतो.

८ ऑक्टो.
मळणीयंत्र मिळेना. तोवर राखण. दिवसा मी आणि सुनील सुडीजवळ गाडी लावून बसतो. (नवऱ्याला नावानं लिहिते, आईला खपत नाही.) कंबर दुखते म्हणून तो दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसतो. फोन चार्जिंगला, म्हणून किल्ली चालू. मग गाडीचं सारखं टिंग टिंग, दार उघडं, दार उघडं. डोकं उठलं.

९ ऑक्टो.
सुनीलनं टिंगटिंग बंद पाडली. मोबाइलवर बघून. दाराच्या कडेचा खटका स्क्रूड्रायव्हरनं बंद करायचा, गाडीला वाटतं दार लागलं. परत खरंच लावायचं तर आधी हँडल ओढून खटका सोडवायचा, बस. स्वारी खूश. "पाह्य, किती हुशार नवरा हाय तुया."

११ ऑक्टो.
काल दुपारी शेजारच्या वावरातले मजूर नाल्यावर जेवायला गेले आणि गजू वावराच्या धुऱ्यावरून आला. हातात बैलगाडीची उभारी, जाड लाकडी दांडा. सुनील गाडीत शिरला, दार ओढलं. आपटून परत उघडलं. पुन्हा ओढलं. पुन्हा. खटका आधीच बंद, लागणार कसं? हँडल ओढायचं सुचलंच नाही त्याला. गजूनं कॉलर धरून बाहेर खेचला. हाताचं हाड मोडलं ते मी ऐकलं. मग डोक्यात.

माझ्याजवळ विळा होता. गजूच्या मांडीत घातला. दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती, तरी घातला.

१३ ऑक्टो., अकोला
दोघंही एकाच दवाखान्यात, एक वर, एक खाली. आई एकाच डब्यातून दोघांना वाढते. "एका कुशीतले न तुमी," एवढंच बोलली. म्हटलं, हे त्याला सांग. "त्यालेबी तेच सांगतलं."
सुनीलच्या हातात रॉड टाकला. बोटं हलत नाहीत.

१६ ऑक्टो.
दोन्हीकडून केस. गजूचा निरोप: वावर सोड, मी केस मागं घेतो. सुनील म्हणाला, "देऊन टाक वं. जीव वाचला न." मी त्याच्यावरच ओरडले. सोडलं तर तुझा हात कशापायी गेला? तो भिंतीकडे तोंड करून पडला. हँडल ओढायला विसरला म्हणून त्याचा राग येतो, मग रागाचीच लाज वाटते, मग रडू.

१८ ऑक्टो.
मशीन मिळालं. एकटीच केनवडला गेले. सुडीला टेकून गजूची बायको, रेखा. मांडीवर पेट्रोलची बाटली, मुठीत काडीपेटी. "ताई, माह्या माणसाचा पाय कामातून गेला. पुढं आल्या त पेटवून देईन. मीबी उठणार नाही." खोटं बोलत नव्हती. तिच्या जागी मी असते तर एव्हाना काडी ओढली असती.

मी समोर बसले. मशीनवाला वैतागला. "तुमचं काय ते ठरवा, मले दुसरीकडं जा लागते." गेला. ती उठली नाही, मीही नाही. शेवटी आईनं अकोल्याहून येऊन दोघींना दंडाला धरून उठवलं.

मशीनवाल्याला उद्या परत बोलावलंय. मी जाणार. सुनीलला सांगितलेलं नाही.