पेनल्टी बॉक्समधली दोन मिनिटं

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी साडेपाच.
उपवास. जप झाला. मन शांत. शांत मनानं घेतलेला निर्णय बदलायचा नसतो, म्हणून इथं लिहून ठेवतो : निवेदिताचं बर्फावरचं हॉकी या महिन्यात बंद. आरडाओरडा न करता. समजावून.

१८ ते २२ तारखेला बहारीनमध्येच, रिफाच्या बर्फाच्या रिंकवर मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. अठरा वर्षांखालील. पाच देशांचे पाच संघ, आणि सहावा इथं बाहेरून येऊन राहिलेल्यांच्या मुलींचा. त्यात आमची कन्या गोलकीपर. 'आंतरराष्ट्रीय' शब्द ऐकून आमची बायको नीला भारावली आहे. मी नाही. मी मीना सलमान बंदरावरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बावीस वर्षं सुपरवायझर आहे. उणे अठरा. थंडीत उभं राहायचे मला पैसे मिळतात. हे लोक थंडीत उभं राहायची फी भरतात. यात शहाणा कोण, हे कुणीही सांगेल.

त्यात गोलकीपर. बाकीच्या मुली निदान पळतात. ही दोन्ही पायांना गाद्या बांधून उभी राहते. मी झेडपीच्या शाळेत खो-खोचा कॅप्टन होतो. अनवाणी.

अडचण एकच. समजवायचं तर समोरच्यानं ऐकावं लागतं. ऑगस्टपासून निवेदिता माझ्याशी एकच शब्द बोलते : ओके. कारण अगदी किरकोळ. केमिस्ट्रीत एक्केचाळीस मार्क पडले, म्हणून मी तिची किटबॅग कामावर नेऊन सुरमईच्या पेट्यांमागे ठेवली. तीनच दिवस. फेकली नाही, विकली नाही. उलट जपली. परत आणली तेव्हा थोडा वास येत होता, एवढं कबूल करतो. इथं करतो. घरात केलेलं नाही.

आज त्र्याऐंशीवा दिवस. मी मोजत नाही. लक्षात राहतं.

३ नोव्हेंबर, सोमवार.
शाळेत सोडताना गाडीत सुरुवात केली. विषय : आयुष्यातले अग्रक्रम. चांगला रंगला होता. सिग्नलपाशी ती म्हणाली, एक्झॅक्टली, आय टोटली अग्री. मला भरून आलं. कानात ते पांढरं यंत्र होतं. मैत्रिणीशी बोलत होती.

५ नोव्हेंबर, बुधवार.
सिराजनं आज जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर हा खेळ दाखवला. सिराज आमच्याकडे क्लार्क, रत्नागिरीचा. त्याची पुतणी सुहा निवेदिताच्याच संघात आहे, त्यामुळे घरचे सगळे बिघडलेले. खेळ म्हणजे एका काळ्या चकतीमागे बारा जण. पण एक गोष्ट उत्तम. जो खेळाडू दांडगाई करतो त्याला दोन मिनिटं पेनल्टी बॉक्स नावाच्या काचेच्या खोलीत बसवतात. दार बंद. फोन नाही. कानात काही नाही. उठून जाता येत नाही.

असा कायदा करणारा माणूस बाप असला पाहिजे.

सिराजला म्हटलं, ते दार कोण उघडतं? तो म्हणाला, असतो एक वॉलंटियर, बिनपगारी. मग माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, काय शेखरभाई, बावीस वर्सं हितं दरवाजा उघडतोस, आता तितं फुकट उघडनार काय? त्याला दूरदृष्टी नाही. चांगला माणूस आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
अदलियाला एका कॅफेत वॉलंटियरांची मीटिंग. सगळ्या आया कॉफीचे मोठे ग्लास घेऊन 'आइस टाइम', 'आइस टाइम' करत होत्या. बर्फाला आता वेळही चिकटवली. कोऑर्डिनेटर शाजिया मॅडम रायगडच्या निघाल्या. माझं नाव पार्किंगला लिहिलं होतं. मी मराठीत, शांतपणे सांगितलं की मला पेनल्टी बॉक्स योग्य राहील, दारांचा अनुभव आहे. बघते हं अंकल, म्हणाल्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील. अंकल.

१० नोव्हेंबर, सोमवार.
शाजिया मॅडमचा फोन. पेनल्टी बॉक्स मिळाला. तोही आपल्याच मुलींच्या बाजूचा. पहिल्या भेटीत माणसावर छाप पडते ती अशी.

नीलाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्यापेक्षा माझ्याबरोबर वर स्टँडमध्ये बसा की, सगळे आईबाप तिथंच असतात. वर बसून काय करायचं? ओरडायचं? माझं काम जवळून करायचं आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
भाषण तयार. चार मुद्दे. शरीर, अभ्यास, कुळाचं नाव, ईश्वराची इच्छा. स्वयंपाकघरात टायमर लावून फ्रिजसमोर म्हणून पाहिलं. दोन मिनिटं पन्नास सेकंद. लहानपणची गरिबी काढली. एक मिनिट पंचावन्न. गरिबी काढताना जिवावर आलं, पण शिस्त म्हणजे शिस्त.

नीला पाणी प्यायला आली आणि फ्रिज उघडू का, म्हणून परवानगी मागून गेली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
पहिला सामना. ऑफिसातून अर्धी सुट्टी. उणे पाचात लोक कुडकुडत होते, मी स्वेटरवर. वॉलंटियरांसाठी चाळीस पानी पुस्तक आहे. पहिलं पान वाचलं. पुढं काय असणार? दार ते दार.

माझ्या खोलीत तीन मुली येऊन गेल्या. एक रडली. एक पाणी पिऊन थुंकली. एकीनं मला थम्सअप केलं. निवेदिता आली नाही. भिंतीपलीकडं वेळ लावणारा तौकीर बसतो, बँकेत नोकरीला आहे. त्यानं बजावलं की खेळाडूंशी बोलायचं नाही, पान नऊ. मी मान डोलावली. पान नऊ अनोळखी मुलींसाठी असणार.

सामना आपण हरलो. सर्वांत जास्त टाळ्या बर्फ पुसणाऱ्या गाडीला.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
दुसरा सामना. जिंकलो म्हणे. निवेदितानं एकतीस चकत्या अडवल्या. अडवल्या म्हणजे अंगावर घेतल्या. लोक नाचत होते. एखाद्याच्या लेकीला एकतीस वेळा काहीतरी फेकून मारल्यावर नाचणारे लोक.

ती माझ्या खोलीत आली नाही. कुणाला ढकलत नाही, पाडत नाही, पंचाशी हुज्जत घालत नाही. मुलीच्या चांगल्या वागण्यानं एवढा निराश झालेला बाप बहारीनमध्ये दुसरा नसेल.

एक पाहिलं. खेळ सुरू होण्याआधी ती काठी डाव्या खांबाला लावते, मग उजव्या, मग वरच्या दांडीला. नंतर डोळे मिटते. देवळात शिरताना करतात तसं. हे कुणी शिकवलं? कोच तर च्युइंगम चघळत असतो. बोलत असती तर विचारलं असतं.

घरी जाताना गाडीत : ओके. एकशे दोनावा दिवस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
उद्या शेवटचा सामना, तिसऱ्या नंबरसाठी. उद्या ती नक्की चूक करेल. सकाळच्या जपात तसं मागणं बरोबर नाही, म्हणून स्पष्ट मागितलं नाही. देवाला कळतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी चार.
झालं ते जसंच्या तसं लिहितो.

शेवटचा भाग, दोन-दोन बरोबरी. समोरची एक मुलगी गोलमागून वळली आणि निवेदितानं काठी घालून तिला आडवी केली. शिट्टी. पंचानं तिच्याकडे बोट दाखवलं. गोलकीपर, दोन मिनिटं. दार उघडलं. बाकावरचं पाणी पुसलं.

आत सुहा आली.

मी म्हटलं, निवेदिता कुठाय? ती म्हणाली, गोलकीपर आत येत नाय काका, तिची पेनल्टी दुसरं कोनतरी बसून भोगतं. म्हणजे गुन्हा एकीचा, शिक्षा दुसरीला. आणि हा म्हणे जगभर मान्य झालेला खेळ. मी पाहिलं तर निवेदिता तिकडं गोलमध्येच उभी. तिच्या गाद्या सारख्या करत होती.

भाषण तोंडापर्यंत आलेलं. समोर मुलगी बसलेली. दार बंद. मी केलं सुरू.

सुहा फार गुणी मुलगी आहे. हेल्मेटमधून एकटक ऐकत होती. शरीर झालं, अभ्यास झाला. खो-खोचा उल्लेख आला तेव्हा तिनं विचारलं, उन्हाळ्यात पन अनवानी? पाय भाजायचे नाय? आमच्या घरात हे कुणी विचारलेलं नाही. मग गरिबी परत घातली. थोडक्यात. तौकीर काचेवर थापा मारत होता. त्यालाही पटत असावं असं मला वाटलं.

सुहा एकदम ओरडली, काका, टाइम झाला, दरवाजा! मी म्हटलं, एकच मुद्दा राहिलाय, ईश्वराची इच्छा.

अकरा सेकंद. तौकीरनं नंतर कागदावर लिहून दाखवलं. त्या अकरा सेकंदांत गोलकीपर सोडून आपल्या मुली चार, त्यांच्या पाच. जी जागा सुहाची, तिथूनच चकती आली. निवेदितानं डावा पाय टाकला होता. वरून गेली.

तीन-दोन. चौथा नंबर.

सुहा बाहेर पडताना म्हणाली, काका, तुमीच ते फिश अंकल ना? संघातल्या सगळ्यांना बॅगेची गोष्ट माहीत आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळी सहा.
घरी परतलो. नीला सुहाच्या आईबरोबर गेली होती, गाडीत आम्ही दोघंच. रिफाहून गुदैबियापर्यंत सव्वीस मिनिटं. निवेदिता बोलली. सव्वीसच्या सव्वीस मिनिटं. मराठीत.

आधी माझी बॅग कोंडलीत पप्पा, आज सुहाला कोंडलंत. तुम्हाला दार मिळालं की तुम्ही ते लावताच कसे? माझं पोस्टर नको, मेडल नको, एक दार वेळेवर उघडायचं होतं. दार उघडायला काय डिग्री लागते? बावीस वर्षं काय करता तिथं? आणि केमिस्ट्रीत मला आता अठ्ठ्याहत्तर आहेत, हे तुम्ही विचारलंत तरी का? मी हॉकी सोडणार नाही. विचारत नाहीये, सांगतेय.

मधे रडली. मग परत बोलायला लागली. पुन्हा सुरुवातीपासून.

तिचं मराठी माझ्यासारखं आहे. 'कोंडलंत' म्हणताना 'ड'वर जोर देते ती तर आमच्या गावची रीत. नीला पुण्याची, तिच्याकडून आलेली नाही. मी गाडी जरा हळू चालवली. ट्रॅफिक नव्हता.

शेवटी असंही म्हणाली की पेनल्टी बॉक्स मला शाजिया मॅडमनी दिलाच नव्हता. त्या पार्किंगवर ठाम होत्या. निवेदितानंच त्यांना सांगितलं की पप्पांना बॉक्समध्ये ठेवा. का, तर अख्ख्या रिंकवर गोलकीपर कधीच जात नाही अशी तेवढी एकच जागा आहे.

माझी बोलायची पाळी आली नाही. तरी समजावण्याच्या दृष्टीनं पहिला टप्पा पार पडला असं म्हणता येईल. संवाद सुरू झाला. कोण बोलतं हा तपशील.

२३ नोव्हेंबर, रविवार.
शाजिया मॅडमचा सगळ्या वॉलंटियरांना मेसेज. आभार. फेब्रुवारीत पुढची स्पर्धा, दुबईचे संघ येणार, खाली कामांची यादी. दोनदा वाचली. बॉक्सला तौकीरची बायको. पार्किंगलाही मी नाही.

विचारलं. उत्तर आलं : अंकल, निवेदिता म्हणाली तुम्हाला वर स्टँडमध्ये बसायचंय, तुमची सीट ठेवलीये, नीलाताईंच्या शेजारी.

मी असं कधीही म्हटलेलं नाही.

निवेदिताला विचारलं, तर म्हणाली, पप्पा, जे काय सांगायचंय ते तिथून ओरडून सांगा, सगळ्यांचे बाबा तसंच करतात.

विचार केला. जागा वाईट नाही. वर वेळेचं बंधन नाही, पान नऊ नाही, गरिबी पूर्ण घालता येईल. फक्त काच आहे, हेल्मेट आहे आणि दोनशे माणसं एकदम ओरडत असतात. तिला काही ऐकू जात नाही.