दिलेल्या बहिनीचं नाव

४ फेब्रु.
कुनी वाचलं तर शुद्धलेखनाला माफी. मोबाईलवर एका बोटानं लिवते, टाईम लागतो. दहावीला शाळा सोडली, आता शहरात, सावेडीत वकील मॅडमकडं टायपिंगला. तिथं दोन बोटं चालतात, बास.
मॅडमकडं सगळी मेलेल्या मानसांची कामं. मृत्युपत्र, वारस दाखला. आज आमच्या तिसगावचे दोघं भाऊ आल्ते, बापू अन् तात्या. वडील वारले, घर नावावर करायचंय. मॅडम कोर्टात. तात्या सांगत गेला, मी टाईप करत गेले. "वारस आमी दोघंच."
आमच्या हापिसाखालच्या मेसमधली सुमनमावशी यांची सख्खी बहीन. मला म्हाईत हुतं. हळूच म्हनले, अन् मावशी?
"ती दिली की गं. दिलेली धरत्यात व्हय?"
मी 'दोन मुलगे' टाईप केलं.

९ फेब्रु.
कागद कोर्टात गेला. त्याआधी सह्या घेताना मॅडमनी विचारलं, "सगळे वारस आलेत ना गं?" मान हलवली. आडवी का उभी, मलाच…

१४ फेब्रु.
मावशी जिन्यात भेटली. मेसमधी पोळ्या लाटती. नवऱ्यानं टाकून लई वर्सं झाली.
"चैत्रात गावी जाते बघ. भाऊ म्हनले, घर तुजंच हाय."
तात्या हापिसात आल्ता त्या दिवशी फोनवर कुनाला तरी सांगत हुता, दाखला आला की घर इकतो. मी ऐकलंय. मावशीनं गरम पोळी दिली. कागदात गुंडाळून ठिवली.

१७ फेब्रु.
मॅडमला सांगितलं. चष्मा काढून डोळे दाबत बसल्या. वरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
"इतकी वर्षं हेच. मयताला मुली नसतातच कधी."
मग तात्याला फोन. "बहिणीला घेऊन या. नाहीतर मी केस सोडते."

२१ फेब्रु.
तिघं आले. भावांनी कागद करूनच आनलेला. हक्कसोड. मावशीनं सही करून आपला हिस्सा सोडायचा.
बापू म्हनला, "आक्का, भावाकडून हिस्सा घेतल्यावर माहेर ऱ्हातंय का?"
मावशीनं पेन मागितला. मॅडम म्हनल्या, "थांबा. ही वाचून दाखवेल." मी! सगळ्यांम्होरं. वाचलं. '…कायमचा हक्क सोडत आहे.'
"कायमचा म्हंजी?" मावशी.
"लिवायची रीत असती गं," तात्या.
"रीत न्हाई," मी म्हनले. "मग घर तुमचं न्हाई. ते इकनार हायेत."
तात्या माज्याकडं बघून म्हनला, "गावात ये तू, मग बघतो."
मावशीनं कुनाकडंच बघितलं न्हाई. कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवला. "पोळ्या ऱ्हायल्यात माज्या," म्हनली अन् गेली. सही केली न्हाई. फाडला बी न्हाई.
मॅडमनी फक्त पानी मागितलं.
आत्ता आईचा फोन. म्हैस व्याली, रेडी झाली म्हनून लई खुश.