डोहाळ्याच्या कुकीज

३ नोव्हेंबर, सोमवार

कुकीजचे दगड झाले! एक हातातून निसटली तर फरशीचाच टवका उडतो की काय असं वाटलं.

चूक माझीच. तीस वर्षं कणीक मळणारे हात, मैदा दिसला की थांबतायत थोडेच! पाणी घालून चांगला तिंबला, वर ओल्या फडक्याखाली मुरतही ठेवला. संजनाने मोबाईलवर परत दाखवलं – पाण्याचा थेंब घालायचा नाही, लोण्यात नुसता हलक्या हाताने गोळा करायचा. "काकू, पोळ्या नाही करायच्यात," म्हणाली आणि हसत सुटली. मीही हसले. या घरात किती दिवसांनी कुणी हसलं.

ही संजना खालच्या मजल्यावरची. माझ्या स्नेहाची मैत्रीण. लेक कशी आहे ते मला हिच्याकडूनच कळतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

स्नेहाला आठवा लागलाय.

कुणाजवळ बोलू? म्हणून इथं लिहिते. दीड वर्षापूर्वी तिने हर्षलशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला, नोकरीला लागलेला, पण जातीबाहेरचा. यांनी – आमच्या नवनाथरावांनी – मला शपथ घातली. तिच्याशी बोललीस, तिच्या दारात गेलीस, तर माझं मेलेलं तोंड बघशील! नाशिक रोडहून इंदिरानगर ते किती लांब? रिक्षात बसलं की आलं. पण शपथ आडवी येते. फोन उचलते, तिचं नाव काढते, परत ठेवते.

शपथेत बिस्किटांचं नाव मात्र नव्हतं. बाईसाहेबांना डोहाळे लागलेत कुकीजचे! चिंच नाही, आवळा नाही – चॉकलेटचे तुकडे घातलेल्या कुकीज. संजना म्हणाली, बँकेत कामाला जाताना बेकरीतून घेऊन देते तिला. मी नको म्हटलं. विकतचं कुणीही देईल. लेकीचे डोहाळे आईने पुरवायचे असतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हे माझ्याशी बोलले. "भाजीत मीठ कमी आहे."

१२ नोव्हेंबर, बुधवार

ओव्हन नाही म्हणून कुकरमध्ये करतेय. तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर ताटली. शिट्टी आठवणीने काढली. झाकणाची रिंग काढायला विसरले! पाण्याशिवाय कुकर तापला तशी रिंग जळाली, रबराचा वास घरभर. शिवाय गोळे खेटून ठेवले होते, ते पसरले आणि सगळ्यांची मिळून एकच भाकरी झाली. ती भाकरी मी ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली. खाताना रडू आलं. वेडेपणा सगळा.

हे आले. नाक मुरडलं, खिडकी उघडली, टीव्ही लावला. काय जळलं, एवढंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सगळं सांगून टाकलं असतं. घरात माणसं दोन आणि बोलतो फक्त टीव्ही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जमल्या!!

ताटली काढली तेव्हा बोटाला मऊ लागल्या. कच्च्या राहिल्या म्हणून मी परत कुकरात घालणार, तोच संजनाने हात धरला. गार होऊ दे म्हणाली. गार झाल्यावर अशा कुरकुरीत! एक तुटली ती आम्ही दोघींनी वाटून खाल्ली.

डबा भरला. झाकणाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. पोरीचं डोहाळजेवण नाही, ओटी नाही – एवढं तरी.

संजना घेऊन गेल्यापासून कशात लक्ष नाही. पोट केवढं दिसत असेल? पाय सुजले असतील का? तिला पाय चेपून द्यायला कोण आहे? हर्षलला आई नाही. घरात बाईमाणूसच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुकीज पुन्हा केल्या होत्या. हे चहा घेताना डबा उघडून खायला लागले. एक, मग दुसरी. "चांगल्या झाल्यात की! कुणासाठी?"

इतकं बरं वाटलं मला, वेड्यासारखं, की खरं बोलून गेले. म्हटलं, स्नेहासाठी.

यांनी हातातली अर्धी बशीत ठेवली. उठून बेसिनवर चूळ भरली! माझ्या लेकीच्या नावाने चूळ. संताप असा आला! बशी विसळली आणि भाजी निवडत बसले.

४ डिसेंबर, गुरुवार

डबा परत आला. रिकामा नाही – स्नेहाने त्यात खोबऱ्याच्या वड्या घातल्यात. माझ्यासारख्याच, थोड्या चिकट.

सोबत निरोप. संजनाला तो सांगवेना, ती आमच्या पायपुसण्याकडे बघत उभी राहिली. "काकू, ती विचारतेय, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? मग मी कुठं जाऊ?"

वडी तोंडात तशीच राहिली.

८ डिसेंबर, सोमवार

ताट वाढताना विचारलं. धीर गोळा करून विचारलं. शपथ तुमची राहू द्या, पण पोर अवघडलेली आहे, पहिली खेप आहे. बाळंतपणापुरती आणू का?

ताटाकडेच बघत म्हणाले, "या उंबऱ्याच्या आत ती येणार नाही."

मी पोळी वाढली. त्यांनी खाल्ली. मग दुसरी मागितली.

राग नाही आला आज. फार एकटं वाटलं. इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि या माणसाला माझ्या जिवाची घालमेल दिसत नाही. आई असती तर तिच्याकडे निघून गेले असते. मलाच माहेर उरलं नाही, मी लेकीला कुठलं देऊ!

१० डिसेंबर, बुधवार. इंदिरानगर

ती आत येणार नाही ना? मग मी बाहेर पडले. दोन पिशव्या घेतल्या आणि रिक्षात बसले. स्नेहाने दार उघडलं, गळ्यात पडली. मध्ये तिचं पोट.

निघताना यांना सांगितलं, बाळंतपण करून, वर सव्वा महिना झाला की येईन. वाटलं, आता शपथेची आठवण करून देणार.

तर म्हणाले, "मग माझ्या जेवणाचं काय?"

दीड वर्ष ती शपथ मी एकटीच पाळत होते.